चार मिलिमीटरने आखूड

लिहून ठेवणार: मी, रेमंड आर्थर टाउल, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त दंततंत्रज्ञ, म्हणजे साध्या भाषेत कवळ्या करणारा, राहणार हकनॉल, नॉटिंगहॅमशायर. माझे डोके ठिकाणावर आहे, हात अजून थरथरत नाही, आणि हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट एवढे लिहू नका म्हणून वकील रेनशॉबाईंनी मला चार वेळा विनवले आहे. त्यांच्या मते मृत्युपत्र दीड पानात होते. त्यांनी कधी रणगाडा केलेला नाही.

येत्या १९ ऑक्टोबरला, गुरुवारी, माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. नवी झडप गाईची आहे. एका यंत्राचा तुकडा काढून दुसऱ्यात बसवायचा आणि बघणाऱ्याला सांधा दिसू द्यायचा नाही, हे काम मी बासष्ट वर्षे केले, त्यामुळे मला भीती वाटत नाही. कारागीर कसा आहे एवढीच उत्सुकता आहे. तरी मॅव्हिस म्हणाली, ''कागद करून ठेव. नाहीतर तुझ्या त्या दोनशे चौदा छोट्या गाड्यांचं मी काय करू?'' त्या दोनशे चौदा गाड्यांसाठीच हा सगळा खटाटोप आहे. १९८८ साली केलेले माझे आधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात गाड्यांचा उल्लेखच नव्हता.

कलम १. घर, बँकेतली शिल्लक, मोटार आणि मागची बाग हे सर्व माझी पत्नी मॅव्हिस हिला मिळावे. यात नवीन काही नाही. घर पहिल्यापासून तिचेच आहे, मी फक्त वरच्या मागच्या खोलीत असतो.

याच कलमात काही कबुलीजबाब देतो. तिचे नायलॉनचे नवे कोरे पायमोजे दरवर्षी कमी व्हायचे ते धुण्यात हरवत नव्हते. त्यांचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून मी गाड्यांवर टाकायच्या जाळ्या केल्या. तिचा पापण्यांचा ब्रश, केसांना मारायचा फवारा, करंजीसारख्या पेस्ट्रीच्या कडा कापायचे दातेरी चाक, हे सगळे वरच्या खोलीत आहे. त्या चाकाने रणगाड्याच्या पट्ट्यांचे दाते फार सुरेख उमटतात. काल हे वाचून दाखवले तर ती हसत सुटली. म्हणाली, ''सत्तेचाळीस वर्षं चहाची पत्ती ओव्हनमध्ये वाळवतोयस. मला काय वाटत होतं, केकमध्ये घालणार आहेस?'' वाळलेली पत्ती झाडांखाली पसरली की हुबेहूब पाचोळा दिसतो. तिला सगळे ठाऊक होते, आणि तरीही दर नाताळात ती पायमोज्यांची एक जोडी जास्तीची मागवत होती, हे मला कालच कळले. मॅव्हिस, तू मला फार आवडतेस. हे वाक्य कायदेशीर नाही म्हणून रेनशॉबाईंनी त्यावर काट मारली होती. मी ते परत लिहिले आहे.

कलम २. माझी मुलगी फिलिपा हिला माझी पहिली गाडी. ती मी अकरा वर्षांचा असताना कोकोच्या डब्याचा पत्रा, टूथपेस्टची झाकणे आणि आईच्या टोपीची पिन यांतून केली. तिला सहा चाके आहेत, त्यांतली दोन चौकोनी. फिलिपा लीड्सला भूगोल शिकवते आणि माझ्या सगळ्या कामाला 'बाबांची खेळणी' म्हणते. ती खेळणीच आहेत, बाळ, म्हणून तर त्यांच्याशी खेळायचे असते. तुझ्या मागच्या भेटीत तू दोन सूचना केल्या होत्यास: सगळी इंटरनेटवर एकेक करून विकावीत, किंवा काचेचे कपाट करून त्यात मांडून ठेवावीत. दोन्हींना माझी स्पष्ट मनाई आहे. फासे वाजत नाहीत अशा जागी माझी एकही गाडी राहू नये.

माझे जावई गॅरेथ यांना कलम २ खालीच एक चिलखती मोटार मिळावी. २०११ च्या ईस्टरला ती सोफ्यावर वाळत असताना ते तिच्यावर बसले. मी ती दुरुस्त केली नाही, जपून ठेवली आहे. जाडी सहा मिलिमीटर. त्यांनी ती आपल्या बसायच्या खोलीत दिसेल अशी ठेवावी.

कलम ३. माझी हत्यारे: मेण कोरायच्या सुऱ्या अकरा, दातांच्या तारा वाकवायचे चिमटे चार, छोटी करवत, घासायचे यंत्र, पांढऱ्या प्लास्टिकचे पत्रे जितके उरतील तितके, आणि हिरड्यांसाठी वापरतो त्या गुलाबी पावडरीचे तीन मोठे डबे. हे सर्व आमच्या युद्धखेळाच्या शनिवार मंडळाला द्यावे. चॅपलमागच्या हॉलमध्ये खिडकीखाली एक बाक ठेवावा आणि ज्याला जे करावेसे वाटेल त्याला ते करू द्यावे.

गुलाबी पावडरीबद्दल खुलासा. बुरुजाचा गोलावा पत्र्यातून नीट येत नाही, म्हणून मी बुरूज कवळीच्या मसाल्यात ओतत असे. प्रयोगशाळेत कवळ्या ओतल्या की भांड्यात थोडा माल उरतो, तो टाकवत नाही. त्यामुळे माझ्या कुठल्याही रणगाड्याचा हिरवा रंग खरवडून पाहा, आत हिरडीसारखा गुलाबी निघेल. रणगाडा खरा माझा की नकली, हे ओळखायची याहून सोपी खूण नाही. हकनॉलमध्ये निम्मे म्हातारे ज्या मालाने चॉप्स चावतात त्याच मालाचे माझे सैन्य आहे, आणि दोन्हींबद्दल आजवर तक्रार आलेली नाही. एका माणसाचा अपवाद सोडून. त्याच्याबद्दल पुढच्या कलमात.

कलम ४. लायनेल शॅकलॉक याला काहीही मिळू नये.

नुसते एवढे लिहून माझे समाधान होत नव्हते. मग रेनशॉबाईंनी सहज सांगितले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्यातून काहीच मिळू शकत नाही, दिले असले तरी ते रद्द होते. मला ही कल्पना इतकी आवडली की मी खुर्चीवरून उठलोच. मी मंडळाच्या हॉलची व्यवस्था पाहणाऱ्या ग्लेनिस गॉडबर हिच्यातर्फे शॅकलॉकला निरोप धाडला: माझ्या मृत्युपत्रावर साक्षीदार होशील का? ग्लेनिस उत्तर घेऊन आली. ''हो म्हणाला. म्हणाला, त्याला सांग, वाचल्याशिवाय सही करणार नाही, आणि चुका आढळल्या तर दाखवीन.'' असा हा माणूस आहे.

निरोप ग्लेनिसतर्फे का, ते सांगायला हवे. आमचे मंडळ दर शनिवारी एक ते पाच भरते. आठ फूट लांबीच्या टेबलावर शेते, कुंपणे, गावे मांडायची, दोन बाजूंनी छोट्या गाड्या आणि शिपाई, पट्टीने अंतर मोजून पुढे सरकायचे, फासे टाकून तोफा डागायच्या. मंडळाचा एक रिवाज पहिल्या दिवसापासून आहे. डाव सुरू करताना दोघांनी हात मिळवायचा आणि संपल्यावर पुन्हा मिळवायचा. शेवटचा हात मिळवला नाही तर डाव संपला असे धरत नाहीत, आणि आमचे पंच डेस्मंड हाउसली त्याचा निकाल वहीत लिहीत नाहीत. डेस्मंडपुढे कोणाचे काही चालत नाही.

मे २००४ मध्ये मी नॉर्मंडीच्या डावासाठी चाळीस क्रॉमवेल रणगाडे केले. दोन वर्षांचे काम होते. पत्र्यातून कापलेले, एकेक रिव्हेट सुईच्या टोकाने गोंदाचा थेंब ठेवून बसवलेला. पहिल्याच दिवशी माझा एक क्रॉमवेल गवताच्या कोठाराआड उभा होता. शॅकलॉकची पाळी होती. तो म्हणाला, ''दिसतो.''

मी म्हणालो, ''कुठे दिसतो? पूर्ण आड आहे.''

''इथे आड आहे. खरा असता तर शेपूट बाहेर आलं असतं. तुझा रणगाडा आखूड आहे, टाउल.''

आणि त्याने खिशातून व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचा मापकाटा, काढला. हो, तो व्हर्नियर खिशात घेऊनच हिंडतो. शॅकलॉक चाळीस वर्षे कोळसा खाणीत मोजणीदार होता. जमिनीखाली दोन बाजूंनी खणत आणलेले बोगदे बोटभर फरकाने जुळवून द्यायचे, हे त्याचे काम. सगळ्या हॉलसमोर त्याने माझा क्रॉमवेल उचलला, मोजला आणि वाचून दाखवला. ''अठ्ठ्याऐंशी हवेत. चौऱ्याऐंशी आहेत. चार मिलिमीटरने आखूड. चाळीसच्या चाळीस आखूड असणार.''

''या माणसाच्या तोंडातली खालची कवळी मी केलीय,'' मी सगळ्यांना उद्देशून म्हणालो. ''ती आखूड आहे का, विचारा त्याला.''

''दात बरोबर बसलेत,'' शॅकलॉक म्हणाला. ''रणगाडा नाही बसला.''

लोक हसले. मी माझ्या गाड्या डब्यात भरल्या आणि हात न मिळवता निघून आलो. तो डाव आजही डेस्मंडच्या वहीत 'अपूर्ण' आहे. त्यानंतर आम्ही दोघे चारशेच्या वर डाव खेळलो, कारण मंडळात जर्मन सैन्य त्याच्याकडेच आहे आणि लढायला कोणीतरी लागतेच. पण हात मिळवला नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. सगळे डाव अपूर्ण. टेबलावर बोलायचो ते एवढेच: ''पंधरा सेंटिमीटर.'' ''दिसतो.'' ''सहा पडले, मेलास.'' एकोणीस वर्षे ग्लेनिस आमच्या दोघांच्या मधे चहा ठेवते आणि म्हणते, ''हा रेमंडचा, हा लायनेलचा, साखर दोघांनाही लागते, वाटून घ्या.'' साखरेचे भांडे आम्ही न बोलता सरकवतो.

कलम ५. चहाची ती जुनी अॅल्युमिनियमची किटली माझ्या मालकीची आहे, हे फार कोणाला ठाऊक नाही. ती ग्लेनिसला द्यायची होती. पण दुसरा साक्षीदार म्हणून तिची सही हवी, आणि सही केली तर किटली बुडते. तिला विचारले. ती म्हणाली, ''किटली हॉललाच ठेव. मी आहेच की हॉलमध्ये. कुठे करू सही?'' किटली हॉलला.

कलम ६. हे कलम मी बुधवारी सकाळी लिहितो आहे. वरची पाच कलमे गेल्या आठवड्यातली आहेत.

१६ सप्टेंबरच्या शनिवारी हॉलमध्येच माझ्या छातीत दुखले. ग्लेनिसने रुग्णवाहिका बोलावली, आणि माझे सैन्य इतरांनी माझ्या डब्यात भरले. मृत्युपत्रासाठी यादी करावी म्हणून आज तो डबा उघडला. माझ्या गाड्यांमध्ये एक पँथर होता. जर्मन रणगाडा, म्हणजे शॅकलॉकचा. चुकून आलेला.

खरे सांगायचे तर मला आनंदच झाला. एकोणीस वर्षांत त्याची एकही गाडी माझ्या हाती लागली नव्हती. कोणाची गाडी विचारल्याशिवाय उचलायची नाही हा आमच्याकडचा दुसरा रिवाज, आणि विचारायला तर बोलावे लागते. आज ती माझ्या टेबलावर आयती होती. मी दातांची मापे घ्यायचा पितळी मापकाटा काढला. हात चोळलेच म्हणा ना. पँथर पंचाण्णव मिलिमीटर हवा.

साडेनव्वद भरला.

मी परत मोजला. चष्मा पुसून मोजला. मग मॅव्हिसला वर बोलावले आणि तिच्याकडून वाचून घेतला. ''साडेनव्वद,'' ती म्हणाली. ''का? वाईट असतं का?''

शॅकलॉकचा रणगाडा आखूड! बोटभर फरकाने बोगदे जुळवणाऱ्या माणसाचा! मी तो उलटा केला. आम्ही सगळेच गाडीच्या पोटावर साल लिहितो. त्याच्या बारीक मोजणीदारी अक्षरात तिथे लिहिले होते: 'ऑगस्ट २००४. माप: टाउल.'

मी पँथर खाली ठेवला. मग डेस्मंडला फोन केला, कारण मंडळाच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असते. म्हणालो, ''जरा जाऊन लायनेलच्या गाड्यांची पोटं बघशील?''

''बघायला कशाला हवीत?'' डेस्मंड म्हणाला. ''सगळ्यांवर तेच आहे. माप, टाउल. त्रेसष्ट गाड्या आहेत. जुन्या मोठ्या मापाच्या त्याने विकून टाकल्या तेव्हाच. मला वाटलं, तुला ठाऊक आहे.''

''मला कोण सांगणार?''

''मी विचारलं होतं त्याला, नवं सैन्य कशाला करतोस म्हणून. तर म्हणाला, त्याच्या चाळीस झाल्यात, तो काही परत करायचा नाही. दोन मापं एका टेबलावर बरी दिसत नाहीत. माझ्या मोठ्या असल्या की त्याच्या लहान दिसतात.''

मी फोन ठेवला.

त्या माणसाला चूक सहन होत नाही. चॅपलच्या सूचनाफलकावरचा कागद तिरका असला तर तो काढून परत लावतो. आणि त्याने एकोणीस वर्षे, जाणूनबुजून, त्रेसष्ट रणगाडे चुकीच्या मापाने केले, प्रत्येक चाक, प्रत्येक झडप, प्रत्येक रिव्हेट हिशेबाने पाच टक्के लहान, का तर टेबलावर माझे काम केविलवाणे दिसू नये. आणि मी त्याला साक्षीदार करून ठेंगा दाखवायला निघालो होतो.

वरचे कलम ४ मी खोडत नाही. खोडले तर मी पहिल्यापासून शहाणा होतो असे वाचणाऱ्याला वाटेल. रेनशॉबाई म्हणतात की ते रद्द झाल्याचे स्पष्ट लिहा. लिहितो: कलम ४ रद्द.

कलम ७. आता जाहीर निवेदन, जे मी कोणाजवळही केलेले नाही, मॅव्हिसजवळही नाही. लायनेल शॅकलॉकचे बरोबर होते. माझे चाळीस क्रॉमवेल चार मिलिमीटरने आखूड आहेत. मूळ आराखडा मी एका ग्रंथालयातल्या झेरॉक्स यंत्रावर उतरवून घेतला, आणि घाईत कागदात मावेल असे करायचे बटण दाबले. यंत्राने सांगितलेले काम चोख केले आणि आराखडा पाच टक्क्यांनी लहान झाला. हे मला त्या शनिवारी घरी आल्यावर तासाभरात कळले होते. पट्टी ठेवली की कळतेच. यंत्राची चूक नव्हती, माझी होती. पुढच्या शनिवारी जाऊन दोन शब्द बोललो असतो तर मिटले असते. त्याऐवजी मी नंतरच्या सगळ्या गाड्या त्याच लहान मापाने केल्या, म्हणजे जणू तेच माप बरोबर. एका चुकीला लपवायला मी शंभराच्या वर चुका केल्या, आणि त्याने ती झाकायला त्रेसष्ट केल्या. सगळी मिळून हे आता हकनॉलचे माप झाले आहे.

म्हणून माझ्या सर्व चिलखती गाड्या, संख्या दोनशे तेरा (फिलिपाची पहिली आणि गॅरेथची सपाट वगळून, आणि पाहुणा पँथर धरून), लायनेल शॅकलॉक याला मिळाव्यात. अटी अशा: त्याने त्या दर शनिवारी टेबलावर आणाव्यात. मोडल्यास दुरुस्त कराव्यात, काचेत ठेवू नयेत. तोफा तुटणारच, दातांच्या तारेचे सुटे तुकडे डबा क्रमांक ९ मध्ये आहेत. आणि एकाही गाडीचे माप सुधारू नये. माझ्या टेबलावर अर्धवट राहिलेली क्रेनची गाडी त्याने पुरी करावी. माप: टाउल. जर आधी मीच पुरी केली तर ही ओळ वाचू नये.

कलम ८. शवपेटीचे माप लायनेल शॅकलॉकने घ्यावे. मला पाय पोटाशी घेऊन जायचे नाही.

यापुढचे पान हॉलमध्ये बसून हाताने लिहितो आहे, आज शनिवारी, सह्या होण्याआधी. रेनशॉबाई समोर बसल्या आहेत आणि त्यांनी आशा सोडली आहे.

लायनेल पावणेदोनला आला. कोट काढला, चहा घेतला आणि खिशातून पेन काढून सरळ माझ्या टेबलाशी आला. एकोणीस वर्षांनी खेळाबाहेरचे पहिले वाक्य बोलला. ''कुठे करायची सही?''

''तू करायची नाहीस,'' मी म्हणालो. ''डेस्मंड करतोय.''

''मला विचारलं होतंस. मी हो म्हटलंय.''

''विचार बदलला.''

त्याचा चेहरा पडला. खोटे सांगत नाही, मला ते बघवेना. तो पेनाचे टोपण लावायला लागला. मग थांबला. लायनेलने मंडळाची नियमावली पाठ केलेली आहे. कायदा त्याला ठाऊक नसेल असे होणारच नाही. तो हळूच म्हणाला, ''साक्षीदाराला काही मिळत नाही.''

''नाही मिळत.''

''म्हणून मी नको.''

''म्हणून तू नको.''

मी डब्यातून पँथर काढून त्याच्यासमोर ठेवला, पोट वर करून. त्याने तो पाहिला, मग मला पाहिले, आणि त्याचे कान लालबुंद झाले. ''दोन मापं एका टेबलावर डोळ्यांना खुपतात,'' तो म्हणाला. ''त्यात विशेष काही नाही.'' आणि कप ठेवायला गेला तो या कागदावरच ठेवला.

डेस्मंडने संधी साधून वही उघडली. मे २००४. ''हा एक डाव तरी संपवा बाबांनो. पान पिवळं पडलं. काय लिहू?''

''टाउल विजयी लिही,'' लायनेल म्हणाला. ''त्याचा रणगाडा कोठाराआड होता. मला दिसत नव्हता.''

''दिसत होता,'' मी म्हणालो. ''शेपूट बाहेर असायला हवं होतं. शॅकलॉक विजयी.''

''आड होता! मी स्वतः वाकून पाहिलंय.''

''अरे, तूच मोजलास ना? अठ्ठ्याऐंशी हवेत!''

''कोठारही तूच केलंस. कोठार बरोबर मापाचं होतं, हे कोणी तपासलं?''

कोठार खरेच कोणी तपासले नव्हते. ग्लेनिस म्हणाली, ''आधी बोलत नव्हते तेच बरं होतं.'' पण ती पाठ करून डोळे पुसत होती, मी पाहिले.

शेवटी डेस्मंडने निर्णय दिला. तो डाव पुन्हा मांडायचा. तेच शेत, तेच कोठार, तोच क्रॉमवेल, लायनेलची पाळी. आज नाही, कारण मला दमायची मनाई आहे. मी इस्पितळातून आल्यावरच्या पहिल्या शनिवारी.

लायनेलने हात पुढे केला. मला वाटले, एकोणीस वर्षांचे सगळे मिटवायला. मी हात दिला. त्याने तो चांगला घट्ट धरला, आणि म्हणाला, ''हा सुरुवातीचा. शेवटचा राहिलाय. तो द्यायला यावं लागेल तुला.''

म्हणून शेवटचे कलम.

कलम ९. लायनेल शॅकलॉक आणि मी यांच्यात आज रोजी एक डाव सुरू झाला आहे आणि तो संपलेला नाही. तरी हे मृत्युपत्र अमलात आणण्याची कोणी घाई करू नये. मला काही झालेच, तर माझ्या बाजूचे फासे मॅव्हिसने टाकावेत, तिला सहा फार पडतात. आणि कोणीही जिंको, शेवटचा हात माझ्या वतीने तिने द्यावा. पण मॅव्हिस, तू त्या शनिवारी मोकळी राहू नकोस. बहिणीकडे जायचे ठरवून टाक. मी येतो आहे.

सही: रेमंड आर्थर टाउल

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत, एकाच वेळी, टेबलाची एक बाजू मोकळी करून झाली. आम्हा दोघांना या कागदातून किटलीसुद्धा मिळत नाही.

साक्षीदार १: ग्लेनिस गॉडबर, हॉलची व्यवस्थापिका
साक्षीदार २: डेस्मंड हाउसली, पंच

ठिकाण: चॅपलमागचा हॉल, हकनॉल
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२३, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

ता. क. शेवटच्या पानावरचा गोल डाग लायनेल शॅकलॉक यांच्या चहाच्या कपाचा आहे. तो डाग सही म्हणून धरला जाऊ नये. शॅकलॉक यांनी या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून कोठेही सही केलेली नाही, याची आम्ही दोघांनी प्रत्येक पान उलटून खात्री केली आहे. ग्लेनिस गॉ., डे. हाउसली.